पडद्याने खाल्लेला रंग

बायकोच्या, पावायीच्या, पिंपातला रंग गेल्याचं ज्या दिवशी चिन्नय्याला कळलं, त्या दिवशी त्याच्या अंगणात बाकी सगळे खुशीत होते.

तिरुपूरच्या रंगखान्यांत चाळीस वर्षं काढलेल्या चिन्नय्यानं दीड महिन्यापूर्वी छाती ठोकून सांगितलं होतं, "असले पडदे मी डोळे मिटून सांभाळीन." कॉलेजातल्या यळिनीनं तो पडदा चाचणीसाठी आणला होता. पांढरा, पापडासारखा पातळ. रंगाच्या सांडपाण्यात सोडायचा. ऊन पडलं की तो पाण्यातला रंग खातो.

चिन्नय्यानं ऐकलं सगळं, पण हात रंगाऱ्याचे. रंगाचं काही उन्हात ठेवायचं नाही, हे हातांना बापापासून ठाऊक. त्यानं पडद्याची टाकी पत्र्याखाली ओढली, वर गोणपाट टाकलं आणि बाळंतिणीसारखी जपली. यळिनी यायची तेवढ्यापुरती उन्हात काढून ठेवायचा. पडदा दीड महिना उपाशी! शेवटी ती म्हणाली, शनिवारी परत नेते.

बुधवारी पावायीची थोरली बहीण वेळ्ळायम्मा गच्चीवर सांडगे घालायला आली. पडद्याला कुबट वास येतो म्हणून तिनं तो धुतला. पाण्यातच ठेवायचा असतो, एवढं तिनं ऐकलं होतं. जिन्याखालचं झाकलेलं पिंप तिनं उन्हात ओढलं आणि पडदा त्यात सोडला.

शनिवारी पाणी इतकं नितळ, की पिंपाचा तळ दिसत होता.

यळिनीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. "अण्णा, आधी रंग कुठला होता? वहीत लिहायचंय."

"पावायीचा," चिन्नय्या म्हणाला. तो रंग पावायीनं अकरा महिन्यांपूर्वी अंदाजानं कालवला होता. निम्मी साडी बुडवून झाली आणि दवाखान्यात जायची वेळ आली. जाताना म्हणाली होती, "उरलेली मी आल्यावर. तुम्ही हात लावू नका, तुम्हाला घाई फार." ती परत आलीच नाही.

वेळ्ळायम्माचा चेहरा उतरला. "तिचं पिंप होतं?"

"हो, अक्का."

"मग शिव्या तरी घाल मला."

"कशाला? मला दीड महिन्यात जमलं नाही, ते तू तीन दिवसांत केलंस."

त्यानं आतून साडी आणून उलगडली. यळिनीनं वहीत लिहिलं: वांग्याच्या फुलासारखा.

"बघून झालं ना? मग सावलीत ठेवतो," चिन्नय्या म्हणाला.

साडी पेटीत आहे. निम्मी अजून पांढरीच आहे.