मालूच्या पंपाला आमची सोबत

माणसाला समजावून सांगणं ही एक विद्या आहे, आणि निपाणीत ती माझ्याइतकी कुणाला येत नाही. पन्नाशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन मी अक्षरं शिकलो, आणि पाठोपाठ माझ्या जोडीच्या तीन म्हाताऱ्यांनाही पाटीपुढं बसवलं. तिथं सोळा वर्षांची नात म्हणजे काय मोठी गोष्ट!

नात म्हणजे मालू. तिला दमा. गेल्या वर्षी ऐन गणिताच्या पेपराला दम लागला आणि दहावी राहिली. यंदाही तसंच झालं तर शाळा सोडवून विड्या वळायला बसवीन, असं तिच्या बापानं, आमच्या देवाप्पानं, सांगून टाकलं होतं. दम्याच्या पोरीच्या मांडीवर तंबाखूचं सूप ठेवायचं, ही अक्कल त्याला माझ्याकडून मिळालेली नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी तोंडात फवारा मारायचा पंप दिला. म्हणाले, "दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचाच. पण या वयाची मुलं लाजतात, टाळतात. घरात कुणीतरी हिच्याशी बोललं पाहिजे, सोबत केली पाहिजे."

बोलायला मी होतोच.

"का घेत न्हाईस गं?"

"पोरी हसत्यात, आज्जा. म्हाताऱ्यांचा रोग म्हणत्यात."

"मग म्हातारेच आणतो की सोबतीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पुढच्या सोप्यात माझे ते पाटीपुढचे तिघे, मष्णू, आण्णाप्पा आणि भावकू, हजर. मालूनं पंप काढला की आम्ही डब्या काढायच्या. तिनं तोंडात फवारा मारला की आम्ही नाकात तपकीर ओढायची. औषध घेताना पोरीला एकटं वाटता कामा नये!

मालू खूश. एक वेळ चुकेना. गल्लीत बोलबाला झाला, आणखी डब्या आल्या. शिंकांच्या धडाक्यानं आमच्या कोंबड्या शेजारी नांदायला गेल्या.

आणि मालूचा दमा वाढला.

"मामंजी, औषध लागू पडंना," सून राजाबाई म्हणाली.

"सोबत कमी पडतीया," मी निदान केलं, आणि दुपारचीही बैठक सुरू केली. दुपारी पंप नव्हता, पण तपकिरीला काय वेळ-काळ!

परीक्षा तोंडावर आली तेव्हा पोरीला अंगणसुद्धा ओलांडवेना. तिला घेऊन आम्ही चौघांनी बेळगाव गाठलं.

"पंप रोज घेतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक डाव चुकवला न्हाय," मालू धापा टाकत म्हणाली.

"कसा घेतेस, दाखव बघू."

तिनं पंप काढला. शिस्त म्हणजे शिस्त, आम्हीही डब्या काढल्या. भावकूची शिंक थेट टेबलापलीकडं पोचली. मालूला तिथंच खोकल्याची ढास लागली.

डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "ही मंडळी रोज असतात?"

"व्हय. सोबतीला."

आम्हाला बाहेर रस्त्यावर, खडेबाजारात, उभं करून डॉक्टर बराच वेळ तिच्याशी एकटीशीच बोलले. त्या दिवसापासून सोपा मोकळा झाला, सकाळ-संध्याकाळ पंप एकटाच चालू राहिला, आणि मालूनं सगळे पेपर बसून दिले. पास झाली. विड्यांचं नाव पुन्हा देवाप्पानं काढलं नाही.

मात्र डॉक्टरांनी तिच्याकडं एक काम सोपवलं होतं. आमची तपकीर सोडवायची, रोज समजावून सांगून. पोर फार बोलत नाही. समोर येते, हात पुढं करते.

"आज्जा, डबी."

मष्णूनं सोडली. आण्णाप्पानं सोडली. भावकूनंसुद्धा सोडली.

मी अजून समजून घेतो आहे.