गुळाचा खडा आणि इतर साक्षीदार

मारोतीकाकांना तुम्ही काहीही सांगायला जा, ते आधी तुमच्या पायांकडे बघतात. "काका, काल हायवेवर टँकर उलटला," असं तुम्ही धापा टाकत म्हणालात, तर दुसरा कोणी "अरे बापरे" तरी म्हणेल. काका चष्म्यावरून तुमच्या चपलांकडे बघत विचारतात, "तुहे पाय कुठी होते?"

टँकर उलटला तेव्हा तुम्ही घरी अंथरुणात होतात आणि हे सगळं तुम्हाला पानवाल्यानं सांगितलं असं निघालं, की काका मान हलवतात आणि शांतपणे साखर जोखायला लागतात. तुमच्यापुरता तो टँकर पुन्हा सरळ उभा राहतो.

इचोड्याच्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान आहे. समोरच माझं झेरॉक्सचं. म्हणजे मी दिवसभर दुसऱ्याच्या कागदांच्या नकला काढतो आणि फावल्या वेळात दुसऱ्याच्या गोष्टी मूळ प्रतीपेक्षा जरा मोठ्या करून सांगतो. त्यामुळे काकांचं आणि माझं पटणं अवघडच होतं, पण पटतं. इथून नागपूर आणि हैदराबाद दोन्हीकडे ट्रक जातात, आणि बातम्याही दोन्हीकडून येतात. त्या सगळ्या काकांच्या नाक्यावर थांबतात. तपासणी झाल्याशिवाय पुढे जात नाहीत.

तपासणीची पद्धतही त्यांचीच. कोणाचं भांडण झालं की काका गल्ल्यापुढची फळी पुसतात आणि तिच्यावर माणसं मांडतात. माणसं म्हणजे दुकानातला माल. सरकारी नोकर म्हणजे सुपारी, दाताखाली कितीही धरा, फुटत नाही. बाया म्हणजे लाल मिरच्या. पुढारी असला की त्याच्यासाठी गुळाचा खडा. का, तर म्हणे, "मुंगळे आपोआप येतेत, मले अलग मांडा लागत नाहीत." मी नेहमी भुईमुगाची शेंग. एकदा मी धीर करून विचारलं, काका, मीच काऊन शेंग? तर म्हणाले, "वाजते लई. अंदर कधी एक दाणा निघते, कधी तेबी नाही."

पायांचा हा प्रश्न त्यांना कुठेही सुचतो. गुडीहत्नूरला एका घरी आम्ही दुःखाला गेलो होतो. मोठा मुलगा डोळे पुसत सांगत होता की बाबांनी शेवटी माझंच नाव घेतलं. बैठकीत सगळे हळहळले. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अतिशय मायेनं विचारलं, "तवा तुहे पाय कुठी होते बाप्पा?" पाय नांदेडच्या एका लग्नात होते. हे त्याच्या धाकट्या भावजयीनं पदराआडून सांगितलं. आम्हाला त्या घरी चहा मिळाला नाही.

माझ्या घरीही एकदा खटला झाला. दूध उतू गेलं, ते बायकोमुळे, असं माझं म्हणणं. मी मोठ्या विश्वासानं काकांना घरी बोलावलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं आणि विचारत विचारत असं सिद्ध केलं, की दूध वर येत होतं तेव्हा माझे दोन्ही पाय शेगडीपुढेच होते आणि मी मोबाइलवर क्रिकेट बघत होतो. तेव्हापासून बायको त्यांना राखी बांधते.

असे हे काका. आणि अशा माणसापुढे परवा गिरजाबाईचं प्रकरण आलं.

गिरजाबाई गुडीहत्नूरच्या बाजूच्या एका खेड्यातली माळीण. वांगी, टमाटे, कोथिंबीर घेऊन दर बाजाराला येते आणि लिंबाच्या झाडाखाली बसते. ती जागा तिच्या सासूची, मग तिची. बस थांबली की उतरणाऱ्याचा पहिला पाय तिच्या टोपल्यापुढेच पडतो, म्हणून तिचा माल दुपारच्या आत संपतो.

त्या बाजारात आमचे पुढारी नरसिंगअण्णा नवे टिनशेड बघायला आले. पांढरा शर्ट, जोडलेले हात, मागं कार्यकर्त्यांचा लोंढा. लोंढा भाजीच्या ओळीतून गेला, लिंबाखाली काहीतरी झालं, आरडाओरडा उठला, आणि अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टावर छातीपाशी टमाटा होता. इथवर सगळ्यांचं एकमत.

पुढे गाव दुभंगलं. कार्यकर्ते म्हणाले, बाईनं शिवी दिली आणि टमाटा फेकून मारला. भाजीवाल्या म्हणाल्या, अण्णांच्या माणसानं वाट करायला तिच्या टोपल्याला लाथ मारली, टमाटे उधळले, त्यातला एक उडाला, त्याला बाई काय करणार? व्हिडिओ होतेच. इचोड्यात हल्ली माणसांपेक्षा मोबाइल जास्त. पण एकात नुसत्या पाठी, दुसऱ्यात आभाळ आणि तिसऱ्यात काढणाऱ्याचं बोट.

गिरजाबाई स्वतः काही बोलली नाही. तिनं टमाटे गोळा केले, फुटलेले पदरात बांधले आणि बस पकडली. मग तहबाजारीच्या ठेकेदाराकडून, म्हणजे बाजारात बसायची पट्टी जो वसूल करतो त्याच्याकडून, तिला निरोप गेला. पुढच्या बाजारात अण्णांपुढे हात जोडून माफी मागायची, नाही तर लिंबाखालची जागा दुसऱ्याला. तिला मागं मच्छीच्या ओट्यापलीकडे बसावं लागेल. तिथं कोण जातं? तिचं उत्तर एवढंच आलं, की टोपल्याची माफी आधी मागा.

आता माझा पराक्रम. मला गिरजाबाईचा इतका अभिमान वाटला, की मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. "माउलीनं टमाटा उचलला, एक डोळा बारीक केला, आणि नेम धरून, असा!" आधार कार्डाची प्रत काढायला आलेले लोक दुसरी प्रत काढून घेत माझा नेम पुन्हा बघत. तिसऱ्या दिवशी अण्णांचे दोन कार्यकर्ते आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भय्या, तुमीच आमचे गवाह."

मी जिचे पवाडे गात होतो, तिला उठवायला माझेच पवाडे लागणार होते. त्या रात्री जेवताना बायकोनं फक्त विचारलं, "तुमचे पाय कुठं होते?" मी भात जास्त घेतला.

बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मग मधला रस्ता काढला. मारोतीकाका सांगतील ते दोघांनी मानायचं. अण्णाही तयार झाले. कारण मागं त्यांनी लाइनमनच्या कानाखाली मारली अशी बोंब उठली होती, तेव्हा बोंब मारणाऱ्यांपैकी एकाचेही पाय तिथं नव्हते, हे काकांनीच दाखवून दिलं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानापुढे गर्दी. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर. गिरजाबाई पायरीच्या कडेला, रिकामं टोपलं मांडीवर घेऊन. भरलेलं टोपलं बसस्टँडवरच ठेवून आली होती. कुठं बसायचं तेच ठरलं नव्हतं ना. काकांनी फळी पुसली, गुळाचा खडा मधोमध ठेवला, त्याच्यापुढे एक लाल मिरची, आणि एकेकाला बोलावलं.

कार्यकर्त्यांचे पाय सगळे अण्णांच्या मागं निघाले, आणि अण्णांची पाठ चांगली रुंद आहे. भाजीवाल्यांचे पाय आपापल्या टोपल्याभोवती, तोंडं खाली, कारण जिला तिला आपला माल वाचवायचा होता. ज्याच्यावर लाथ मारल्याचा आरोप, तो म्हणाला, लाथ नाही, पाय लागला. काका म्हणाले, "पाय तिथं होता, एवढं तर निघालं."

मग त्यांनी फळीवर शेंग ठेवली.

"दिलीपराव, या."

एरवी मी दिलप्या. राव लागला की माझं काही खरं नसतं. मी सांगितलं, लिंबापाशीच होतो.

"लिंबाच्या कोणत्या आंगाले?"

"म्हणजे… जरा इकडं. भज्याच्या गाडीकडं."

"तोंड कोणीकडं?"

"कढईकडं."

"मंग नेम कोनं पाह्यला?"

"आवाज ऐकला ना काका."

"टमाट्याचा?"

लोक हसले. अण्णाही हसले, ते जास्त लागलं. काकांनी शेंग उचलली, कानाशी वाजवून पाहिली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले. माझी साक्ष अशी संपली. मला इतकं हलकं वाटलं, की मी जवळजवळ त्यांच्या पाया पडणार होतो.

एक कार्यकर्ता म्हणाला, बाईलाच विचारा ना. खरं म्हणजे काकांनी तिच्याकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणाले, ज्यांचं भांडण त्यांना मी साक्षीदार करत नाही, अण्णांनाही विचारलं नाही. नियम सरळ होता. गर्दीनं मान हलवली.

तेव्हा अण्णा खुर्चीत जरा पुढे झाले. माणूस हुशार आहे, उगीच निवडून येत नाही. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आनी काका, तुमचे पाय कुठी होते?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. काकांचा हात फळीवरच थांबला.

"दुकानात," ते म्हणाले. "साखर जोखून राह्यलो होतो. पाठमोरा."

माझं तोंड उघडलं. आणि देवाची कृपा, बंद झालं. कारण त्या दिवशी मी आधी चहापत्ती घ्यायला काकांच्याच दुकानात गेलो होतो. गल्ल्यावर पोतं ओढलेलं होतं आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. म्हणून तर मी भज्यांकडे वळलो.

गिरजाबाईनं पहिल्यांदा मान वर करून काकांकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि टोपल्याची एक सुटलेली काडी आत खोचत बसली.

अण्णांनी काकांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काय कळलं, काय नाही, कोण जाणे. मग ते उठले. "जाने देव काका. शर्ट तो धुल गया." ठेकेदाराला खूण केली, आणि ज्याचा पाय लागला होता त्याच्याकडे वळून म्हणाले, "बसस्टँडपे अम्मा का टोकरा है. लेके आ, लिंब के नीचे रख." त्यानं ते आणलं. डोक्यावरून आणलं, साऱ्या बाजारातून.

दुपारी बाजार विरळ झाल्यावर मी काकांच्या दुकानात गेलो. ते एकटेच होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नांदेडला दिलेली. मी पोत्यावर बसलो आणि म्हणालो, काका, त्या दिवशी तुमी दुकानात नव्हते.

"नव्हतो."

"मंग?"

"लिंबाखाली. तिच्या पुढ्यातच."

"म्हणजे तुमी पाह्यलं."

काकांनी बाहेर कोणी नाही हे बघून घेतलं. "मारला तिनं. तू सांगत होता तसाच. डोया बारीक करून."

मला हसावं की रडावं कळेना. जन्मात एकदा माझी थाप खरी निघाली होती, आणि त्याचा दाखला देऊ शकणारा एकमेव माणूस माझी शेंग खाऊन बसला होता. मी म्हणालो, काका, तुमी खोटं बोलले. तुमी!

काकांच्या मागं खुंटीला वांग्यांची पिशवी लटकत होती, काठोकाठ भरलेली, वर कोथिंबिरीची जुडी. एका माणसाच्या घरी इतकी वांगी. घर भरलेलं होतं तेव्हा न्यायचे तेवढीच ते आजही दर बाजाराला नेतात, आणि त्यातली बरीचशी संध्याकाळी बसस्टँडच्या गाईपुढे जातात. हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. सगळ्यांनी त्यांची त्यावरून मस्करी केली आहे. कोणासाठी नेता काका, एकल्याले एवढे वांगे कायले? मीही विचारलं आहे, हसत हसत, चारचौघांत.

माझी नजर कुठं गेली ते काकांनी पाहिलं. त्यांनी पिशवी खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेतली.

"तुमी समदे इचारता," ते म्हणाले. "गिरजाबाई काई बोलत नाही. तोलते, पिशवीत टाकते, वरून सांबाराची जुडी ठेवते. इतक्या सालात तिनं मले एकदाबी इचारलं नाही, दिलप्या. आता म्या तिले इचारू?"