भाव मागच्या खोलीत ठरतो

मेश्रामभाऊंना काहीही विचारा, ते जागेवर उत्तर देत नाहीत. ‘बाजारात येता का?’ इतकंच विचारलं, तरी ‘थांबा, मागं इचारून सांगतो’ म्हणून मागच्या खोलीत जातात आणि मग येऊन ‘येतो’ म्हणतात. मागच्या खोलीत कोणीही नाही. माणूस एकटा राहतो. एकदा मी चिडून म्हटलं, ‘मागं कोण बसवून ठेवलं हाये?’

‘मीच बसलो हावो,’ ते शांतपणे म्हणाले. ‘समोरचा मी फक्त भेटाले हाये. इचार कराचं काम मागच्याकडे.’

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते पवनीला आमच्या गल्लीत आले. जन्मभर एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून दिलं, स्वतः मधे बोलले नाहीत. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर आपला आपण शिकले. भाव मात्र करता येत नाही. अळूचे कंद विकणारी कोचईवाली मागेल ते पैसे देतात आणि वर ‘परवडते ना तुले?’ असंही विचारतात.

माझं उलटं. सायकलवर कोसा रेशमाच्या साड्यांचं गाठोडं बांधून मी अड्याळच्या बाजारात बसायचो. आज पवनीत माझं स्वतःचं दुकान आहे, आणि ते जिभेवर कमावलेलं आहे. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझं बरंच गिऱ्हाईक तिकडे वळलं, तेही मी सोसलं. पण वेबसाइटवरही घासाघीस हवी म्हटल्यावर नागपूरच्या वेबसाइटवाल्या पोरांचं हसणं नाही सोसलं. ‘काका, वेबसाइटवर भाव फिक्स असतो. घासाघीस तिथं चालत नाही.’ काका म्हटल्याचा राग आधी आला, बाकीचा नंतर. तो अजून उतरलेला नाही.

वेबसाइटवर घासाघीस होते का, मी मेश्रामभाऊंना विचारलं. ते मागे गेले, आले आणि म्हणाले, ‘होते.’

त्यांनी माझी घासाघिशीची रीत शेवटच्या भावासकट लिहून घेतली, वेबसर्व्हर उभा केला आणि मला समजावलं. ‘हा दारावरचा माणूस. साडीचा फोटो मागतला, उचलून दिला. पण घासाघिशीची स्क्रिप्ट त्यानं चालवाची नाही. मागं वेगळा प्रोसेसर बसवला, त्याच्याकडे द्याची. तो हिशोब करून उत्तर देते, हा गिऱ्हाईकाले नेऊन देते.’

म्हणजे सर्व्हरही त्यांनी स्वतःसारखाच केला होता.

पहिल्या दिवशी मी मोबाइलवर ‘भाव करा’ दाबलं आणि अख्खी स्क्रिप्टच उघडी पडली. पहिला भाव किती सांगायचा, रागवायचं कधी, ‘मंग नका नेऊ’ कुठं म्हणायचं, आणि खाली माझा शेवटचा भाव. तो मी मेश्रामभाऊ सोडून बायकोलाही सांगितलेला नाही. माझा आवाज गल्लीभर गेला.

‘मेश्रामभाऊ, मले चव्हाट्यावर नागवं करून राहिले का?’

ते मागे जाऊन आले. ‘समोरच्या सर्व्हरले सांगाचं राहून गेलं. त्याले वाटलं हाही फोटोच हाये. दिला उचलून.’ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्यांनी तेवढं लिहिलं, की अशी स्क्रिप्ट दिसली की मागे पाठव. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मी अर्ध्या भावात साडी मागितली. उत्तर आलं, ‘या भावात कोसा नाही भाऊ, गोणपाट येते.’

माझं वाक्य, माझाच राग. मी बाजारात दुकानोदुकानी दाखवत फिरलो. नागपूरच्या पोरांना मुद्दाम फोन केला. कसं केलं, ते विचारत राहिले. मी सांगितलं नाही.

पुढं विक्री वाढली. मग एका दुपारी वेबसाइटवरून साड्या घेणाऱ्या सोलापूरच्या एका बाईंचा फोन आला. ‘लिहिण्यापेक्षा तुमचा आवाज कडक आहे हो. पण गुडघ्याचं ऑपरेशन लक्षात ठेवून विचारलंत, बरं वाटलं.’

मी काहीच विचारलं नव्हतं, आणि स्क्रिप्ट गुडघे विचारत नाही. मग उरले मेश्रामभाऊ. जो माणूस कोचईवालीसमोर टिकत नाही तो माझे भाव ठरवत असेल, तर माझं दुकान बसलंच. मी तडक मेश्रामभाऊंकडे गेलो. ते ‘थांबा, मागं’ म्हणेपर्यंत मीच मागे शिरलो.

एक खाट, एक कॉम्प्युटर, झाकून ठेवलेलं ताट. स्क्रीनवर माझ्या दुकानाची घासाघीस चालू होती, अर्धं उत्तर टाइप झालेलं होतं.

‘कवापासून?’

‘पयले स्क्रिप्टच करत होती,’ ते म्हणाले. ‘ह्या सोलापूरच्या बाईनं लिवलं, दवाखान्यात हावो, मंग बोलू. स्क्रिप्टनं तिले भाव सांगतला. मले बरं नाही वाटलं. मंग समोरच्या सर्व्हरले म्हटलं, गिऱ्हाईक माह्याकडे पाठव.’

‘आन भाव?’

त्यांनी झालेले सौदे उघडून दाखवले. मी डोळे फाडून पाहिले. माझ्या शेवटच्या भावाखाली ते कुठंच गेले नव्हते. काही ठिकाणी तर माझ्याहून जास्त काढला होता. रागाचं वाक्य कुठं टाकायचं आणि कुठं गिळायचं, सगळं माझ्याकडून उचललेलं, पण माझ्याहून सफाईनं. रागावायला आलो होतो आणि छाती फुगली.

‘मंग त्या कोचईवालीसंग काहून नाही करत?’

‘तिचा चेहरा दिसते, भाऊ.’

ते खुर्चीवरून उठले. ‘बसा. दुकान तुमचं हाये. म्हणाल तर स्क्रिप्टले पयलेसारखं करून देतो.’ एवढं बोलून ते खाटेच्या कडेला बसले आणि हात कुठं ठेवावे ते न कळल्यासारखे गुडघ्यांवर ठेवले.

मी बसलो. तेवढ्यात सोलापूरच्या बाईंचं लिहिणं आलं. निळ्या काठाची साडी, किंमत आणखी थोडी कमी करा. माझी बोटं तयारच होती. खाली अजून एक ओळ उमटली. ‘आज तरी वेळेवर जेवलात का?’

मी झाकलेल्या ताटाकडे पाहिलं आणि उठलो.

‘हे मले नाही इचारलं तिनं,’ मी म्हटलं. ‘तुम्ही सांगा. भावाचं मंग पाहू.’