वेशीबाहेरचे भानुकाका

आमच्या जुन्या जालन्यात भानुकाका कुणाच्या घरात आपणहून शिरत नसत. फाटकाबाहेर सायकलवर एक पाय टेकून घंटी वाजवत राहायचे. घरच्या कर्त्या माणसाने बाहेर येऊन 'या' म्हटल्याशिवाय आत जाणे म्हणजे त्यांच्या कुंभार पिंपळगावच्या सगळ्या पूर्वजांचा अपमान! एकदा मी अर्ध्या गालाला फेस घेऊन त्यांच्या स्वागताला धावलो. "होऊ द्या दाढी सावकाश," काका म्हणाले. घंटी चालूच होती.

अशा माणसाच्या मुलाने, संजयने, इटलीत नोकरी धरली, तिथलीच मुलगी पसंत केली आणि लग्न फोनवर कळवले. काकांनी गल्लीत जाहीर केले, "व्याही आला न्हाई, अक्षत न्हाई. मान म्हंजे मान. मी जाणार न्हाई, बिलकुल!" आणि खरेच गेले नाहीत. लग्न बापाविना लागले, मान जालन्यात सुखरूप राहिला.

पुढे सूनबाई, मारिया, स्वतः जालन्यात आली. नवऱ्याने पढवले असावे; ती फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, चला." आता मात्र काकांचा निरुपाय झाला.

तिकडून परतल्यावर एका सकाळी पाहतो तर काका माझ्या ओट्यावर बसलेले. घंटी नाही, हाक नाही. मी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

"सुनेच्या माहेरी गेल्तो," ते म्हणाले. "गावाला चौफेर तट. आपल्याकडं बी होत्या की वेशी! त्यांनी पाडल्या न्हाईत, एवढंच."

सून आगगाडीने पुढे गेली होती. व्याह्याच्या दारी परक्याच्या गाडीतून जाणे काकांना कमीपणाचे वाटले, म्हणून ते संजयची सायकल घेऊन निघाले. पिशवीत व्याह्यासाठी टोपी, उपरणे आणि जालन्याहून नेलेला नारळ. वाटेत द्राक्षांच्या बागा. "बागा बराबर आहेत, पण बांधावर सावलीला एक लिंब न्हाई," हा त्यांचा इटलीच्या शेतीवरचा अभिप्राय. कुणी हात हलवला की हे राम राम करायचे.

वेस आली आणि काका थांबले. सोयरा माणूस कुणी सामोरे आल्याशिवाय वेशीत शिरतो थोडाच? पर्यटक आत-बाहेर करत होते आणि हे एका दगडावर बसून घंटी वाजवत होते. काहींनी फोटोही काढले.

दुपार कलल्यावर सून बापाला घेऊन शोधत आली. व्याही पिठाच्या हातांनी धावत आला. काकांनी त्याला टोपी घातली, नारळ दिला, गळाभेट घेतली.

"त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले," काका म्हणाले. "हे मानपानात बसत न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी सुनेला म्हणलो, लई वेळ बसवलं गं मला. तर ती म्हणली, बाबा, लग्नाच्या दिवशी संजय ह्याच दगडावर बसला होता. हार घेऊन. पाहुणे म्हणले, जल्दी कर, पाद्री खोळंबला. तर हा म्हणला, माझे बाबा बोलावल्याबिगर आत येत न्हाईत, कुणी तरी सामोरं पाहिजे."

काका फाटकाकडे पाहत राहिले.

"येणार न्हाई म्हणून मी कळवलं होतं की हो त्याला," ते म्हणाले.