बेडकाची शेवटची उडी

"हा खेळ नाही, हे लाड आहेत," मास्तर टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले.

लेकीच्या नव्या व्हिडिओ गेममधला शिलेदार दरीत पडला होता, आणि गेमनं त्याला अलगद उचलून पुन्हा काठावर ठेवलं होतं. उडी कुठून मारायची त्याचा बाणही दाखवला होता. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आणि तो ते इतक्या वेळा दाबत की शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत.

"आमच्या वेळी छत्रीवाला बेडूक होता. पडला की मेला. सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. तो मी एकट्यानं संपवलाय, कुणाच्या मदतीशिवाय."

"मग आता संपवून दाखवा," लेक म्हणाली. लायसन्स मिळूनही तिला एकटीनं गाडी फाटकाबाहेर काढायची परवानगी नव्हती. शेजारी मास्तर हवेतच. "जमलं तर तुम्ही म्हणाल तोवर शेजारी बसा. नाही जमलं तर किल्ली माझी."

"पोरखेळ वाटला काय? ठरलं."

माळ्यावरून जुनं यंत्र खाली आलं. त्याचा जाडजूड प्लग टीव्हीजवळच्या एकाच सॉकेटमध्ये बसत होता, आणि तिथे फ्रीज लावलेला होता.

"किती वेळ लागेल?" बायकोनं विचारलं.

"अर्धा तास," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फ्रीजचा प्लग काढला.

दुपार झाली तरी बेडूक दलदलीतच गटांगळ्या खात होता. "पूर्वी हे बटण हलकं होतं," मास्तर कुरकुरले. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जेवणाचं ताट मांडीवर घेऊन ते लढले आणि कसेबसे शेवटच्या किल्ल्यापाशी पोचले. तेवढ्यात शिकवणीची वेळ झाली.

"बंद करू का?" बायकोनं हात पुढे केला.

"खबरदार. जुन्या खेळात काही साठवून ठेवता येत नाही. बंद केला की सगळं गेलं. नुसता थांबवून ठेवलाय, कुणी हात लावायचा नाही. इस्त्रीही नको, फ्यूज उडेल."

मास्तर चुरगळलेल्या शर्टात शिकवणीला गेले. इकडे दूध नासलं, आणि फ्रीजमधला बर्फ वितळून पाण्याचा ओघळ थेट टीव्हीपर्यंत आला. बायकोनं पोतेरं टाकलं आणि थेट नणंदेला फोन लावला. "वन्सं, तुमच्या भावाला आवरा. आमचं कुणाचं ऐकत नाहीत."

ताई आल्या तेव्हा मास्तर शिकवणीहून परतून ओल्या फरशीवर पाय गोळा करून बसले होते. बेडकाचा एकच जीव उरला होता. समोर खोल खड्डा, त्यावर हलणारे दगड. मास्तरांच्या बोटांना घाम फुटला.

"अगंबाई, हा बेडूक अजून आहे?" ताई शेजारी टेकत म्हणाल्या.

मास्तरांची नजर पडद्यावरून हलली नाही. पण हात आपसूक पुढे झाला आणि तोंडून आपसूकच निघालं, "ताई, एवढी उडी मारून दे ना."

ताईंनी एका हातात कोऱ्या चहाचा कप सांभाळत दुसऱ्या हातानं बटणं दाबली. बेडूक टणाटण पलीकडे गेला, छत्री उघडली, खेळ संपला.



"ही उडी त्याला कधीच जमली नाही," ताई चहा पीत म्हणाल्या. "इथे आला की हाक मारायचा."

"म्हणजे उचलून काठावर ठेवणारं माणूस तेव्हाही होतंच," लेक म्हणाली आणि तिनं तळहात पुढे केला.

"एका उडीला मदत म्हणत नाहीत," मास्तर म्हणाले. तिचा तळहात मागे हटेना. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्याकडे न बघताच दिली.

"दूध घेऊन येते. तुम्हीच नासवलंत," असं म्हणून ती गेली.

मास्तर खिडकीशी उभे राहिले. शेजारची सीट रिकामी असलेली गाडी हळूहळू मागे सरकत फाटकाकडे जात होती. फाटकाचा खांब जवळ आला तसा त्यांचा पाय ओल्या फरशीवर जोरात दाबला गेला.

"काय दाबतोयस?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. जुनी गाडी आहे, अवघड असते. नव्या गाड्या काय, कुणीही चालवेल."

गाडी खांबाला न घासता बाहेर पडली आणि वळणाआड गेली. मास्तरांनी पाय काही उचलला नाही.