आईच्या कुशीत डावीकडून पाणी

एका जंगलात, मुलांनो, वस्तू देताना आधी तिची खोड सांगायची रीत होती. हसू नका. खरंच होती. तुमच्या शहरात नाही म्हणून जंगलातही नसावी, असं थोडंच आहे?

रीत अशी. अस्वलाने मध दिला, तर आधी म्हणायचं, "यात दोन मेलेल्या माश्या आहेत." सुतारपक्ष्याने ढोली दिली, तर म्हणायचं, "वरच्या फांदीवर घुबड राहतं, त्याची बडबड ऐकावी लागेल." घेणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, "कळलं." मग देवाणघेवाण व्हायची. भांडण नाही, तंटा नाही. त्या जंगलात कोल्हे पुष्कळ होते, पण बिचाऱ्यांना काही कामच नव्हतं.

या जंगलात खणोजी नावाचा एक साळिंदर होता. बिळं खणून द्यायची आणि बदल्यात थंडीपुरते कंद घ्यायचे, हा त्याचा धंदा. कामाला एकदम पक्का. त्याने खणलेल्या बिळात शिरताना अंगाला मातीचा कण लागत नसे. बोलायला मात्र अगदी कोरडा. कोणी नमस्कार केला, तर "का?" म्हणून विचारायचा.

त्या वर्षी त्याने ओढ्याकाठी एक बीळ खणलं. शेवटच्या दिवशी डाव्या दालनामागे वाळूचा थर लागला. वाळू म्हणजे पाणी येणार, हे कळायला साळिंदर असावं लागत नाही. बीळ बघायला कोणी आलं की खणोजी दारात उभा राहून सांगायचा, "बीळ आहे. दोन तोंडं आहेत. हस्ताच्या पावसात डावीकडून पाणी शिरतं. बाकी ठीक."

तीन जण आले आणि "कळलं" म्हणून निघून गेले.

ओढ्याच्या पलीकडे एक घूस होती. तिची बिळं कोणी जोरात शिंकलं तरी ढासळायची. पण तिच्या दारात रांग. खणोजीची बायको बायजा रोज ती रांग बघायची आणि रोज नवऱ्याकडे बघायची. शेवटी एकदा तिचं डोकं फिरलं.

"अहो, त्या घुशीला तुमच्या नखाची सर नाही. पण बिळं खपवायला तिने त्या साळुंकीला धरलंय. तुम्हीही धरा. नाहीतर यंदाच्या थंडीत काय तुमचे काटे खाऊ?"

ही साळुंकी म्हणजे लाघवी. शहरात राहून आलेली. तिथे रस्त्याच्या कडेला एक भलामोठा जाहिरातीचा फलक होता आणि त्याच्यामागे दोन वर्षं तिचं घरटं होतं. फलकावर कधी साबण लागायचा, कधी सोनं, कधी विमा. पण चित्रात बघावं, तर दर वेळी आई. फार तर एखादा बाप, तोही डोळे पुसणारा. त्यावरून लाघवी एकच गोष्ट शिकली. साबण कोणालाच नको असतो. आई मात्र सगळ्यांना हवी असते.

खणोजी तिला बीळ दाखवायला घेऊन आला. लाघवीने आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"काय सांगता तुम्ही गिऱ्हाइकाला?" तिने विचारलं.

खणोजीने सांगितलं.

"बाकी ठीक," लाघवी म्हणाली. "खणोजीराव, मयताला आलेले लोकसुद्धा याहून बरं बोलतात. आता ऐका. हे बीळ नाही. ही तुमच्या आईची कूस आहे. आत या, डोळे मिटा, आणि झऱ्याची अंगाई ऐकत निजा. फक्त एकच जागा शिल्लक."

"एकच बीळ आहे," खणोजी म्हणाला. "शिल्लक कसली?"

"मग खोटं काय बोलले मी?"

खणोजीने विचार केला. खोटं तसं काहीच नव्हतं. "पण खोड? पाणी शिरतं ते?"

"झऱ्याची अंगाई म्हणजे दुसरं काय? पाणी नसतं तर मी अंगाई कुठून आणली असती? खोड सांगून झाली."

खणोजीला काहीतरी खटकलं. पण काय खटकलं, ते त्याला नेमकं सांगता येईना. कोरड्या माणसांचं हेच होतं, मुलांनो. त्यांना चूक दिसते, पण बोलेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. घरी बायजाच्या कोठीचा तळ दिसत होता. तो गप्प बसला.

दुसऱ्याच दिवशी दुर्पा आली. दुर्पा म्हणजे माळावरची सशीण. तिचं झुडूप वणव्यात जळालं होतं, नवरा कुठे पळाला ते माहीत नव्हतं आणि ती पोटुशी होती. ती लहान असताना तिच्या डोळ्यांदेखत घारीने तिची आई उचलून नेली होती. लाघवीने फांदीवरून मजकूर म्हटला. 'आईची कूस' हे शब्द आले आणि दुर्पाचे कान खाली पडले. पुढचं तिने ऐकलंच नाही. ती सरळ आत गेली आणि डाव्या दालनात अंग टाकून रडली.

"अगं, उजवीकडे नीज," खणोजी बाहेरून म्हणाला.

"नको हो मामा. इथेच गार गार वाटतंय. आईसारखं."

आठवडाभरात दुर्पाचे कंद पोचले. बायजाने बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवून ढेकर दिली. खणोजी मात्र जेवता जेवता ओढ्याकडे बघत राहिला.

मग दुर्पाला चार पिल्लं झाली आणि मग हस्त लागला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ओढा काठावर आला. खणोजी टेकडीवरच्या आपल्या घरातून धावत सुटला. साळिंदर धावताना तुम्ही पाहिलं नसेल. फार काही बघण्यासारखं नसतं. पण त्या दिवशी तो जीव तोडून धावला, कारण आत चार पिल्लं होती आणि त्यांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते.

"दुर्पा, बाहेर ये. पाणी येतंय."

"माहीत आहे," आतून दुर्पा म्हणाली. "सकाळपासून ऐकतेय. झरा काय सुंदर गातोय आज."

"तो झरा नाही. पूर आहे."

"पूर काय म्हणता? किती कोरडं बोलता तुम्ही."

"बरं, ओलं बोलतो. भिंतीला पंजा लावून बघ."

दुर्पाने भिंतीला पंजा लावला. भिंत ओलीचिंब होती. तिचे डोळे भरून आले. "घाम फुटलाय हो आईला," ती म्हणाली. "आम्हा पाच जणांना सांभाळायचं म्हणजे काय सोपं आहे?"

खणोजीने कपाळ बडवलं. मग त्याने सगळं सांगितलं. वाळू सांगितली, थर सांगितला, आपण आधीच सांगायला हवं होतं, तेही सांगितलं. दुर्पा ऐकत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"कळलं मला. दुसरं कोणीतरी जास्त कंद देतंय."

"अगं, बुडणारं बीळ कोण घेईल?"

"बुडणारं असतं, तर तुम्ही एवढं धावत परत मागायला आला असता?"

खणोजी आत शिरला. म्हटलं, पिल्लांना उचलून बाहेर नेऊ. पण त्याच्या अंगभर काटे. पिल्लांची कातडी केळीच्या सालीइतकीही जाड नव्हती. एकाला त्याने जरा कुठे नाक लावलं, तर ते किंचाळलं आणि दुर्पाने खणोजीच्या कानाचा लचका तोडला. डाव्या दालनात पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

तो तसाच रक्ताळलेल्या कानाने लाघवीच्या झाडाखाली गेला. "बाई, तिला बाहेर काढ. तुझ्या शब्दांनी आत गेलीय, तुझ्याच शब्दांनी बाहेर येईल."

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

"बाहेर ये म्हणालो."

"बाहेर ये म्हटलं की कोणी बाहेर येतं का हो?" लाघवी हळहळली. ती उडाली, बिळाच्या तोंडाशी बसली आणि गळा भरून आल्यासारखं म्हणाली, "वर टेकडीवर आईची दुसरी कूस वाट बघतेय. उबदार. कंदांच्या वासाची. एकच जागा, आणि ती बघायला एक कोल्हीण आत्ताच निघाली आहे."

वाक्य पुरं व्हायच्या आत दुर्पा एक पिल्लू तोंडात धरून बाहेर. तिने चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला ती पोहतच आली. बीळ तिच्यामागे भरलं आणि बुडबुडे आले.

टेकडीवरची दुसरी कूस म्हणजे खणोजीच्या घरातली कंदांची कोठी. बायजाने दारातल्या पाच ओल्या जीवांकडे पाहिलं, नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं आणि कंद एका बाजूला सारले. बायजा बोलायला वाईट होती, बाकी नाही.

चार दिवसांनी पाणी ओसरलं. दुर्पा म्हणाली, "मामा, पाहुणचार झाला. आता मी आईकडे जाते."

खणोजीला धडकीच भरली. हस्त अजून संपला नव्हता. त्याने ठरवलं, आता जुन्या रीतीने खोड सांगायची. सगळ्यांसमोर, सरळ, एकही गोड शब्द न घालता. त्याने सगळ्या जंगलाला ओढ्याकाठी बोलावलं आणि बिळाच्या तोंडाशी उभा राहिला.

"या बिळात डावीकडून पाणी शिरतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. कोठी रिकामी होती म्हणून मी ते गोड करून सांगू दिलं. त्यापायी चार पिल्लं मेली असती. डोळे उघडायच्या आधीच मेली असती." जन्मात कधी न रडलेला खणोजी ढसाढसा रडायला लागला. "हे बीळ वाईट आहे. मीही वाईट वागलो. हे बीळ कोणी घेऊ नका."

पुढे बसलेल्या एका मुंगसाने नाक ओढलं.

"मी घेतो," ते म्हणालं.

"अरे, पाणी शिरतं."

"शिरू दे. इतका सच्चा माणूस आजकाल कुठे भेटतो?"

"मी दुप्पट कंद देते," मागून एक रानमांजर म्हणालं.

"बुडाल सगळे. मराल," खणोजी ओरडला.

"बघा, किती जीव तुटतोय बिचाऱ्याचा," रानमांजर शेजारणीला म्हणालं आणि तिप्पट बोललं. ओढ्यापलीकडे घुशीच्या दारातली रांग मोडली आणि पाण्यातून वाट काढत इकडे आली. खणोजी जितकं नको म्हणे, तितके ते पुढे सरकत. तो पाया पडला, तर ते गहिवरले. आणि सगळ्यांच्या पुढे, चार पिल्लांसह, दुर्पा उभी. ती सांगत होती, "माझं आहे ते. माझ्या हक्काचं आहे."

लाघवी फांदीवरून खाली आली. तिच्या डोळ्यांत खरोखरच कौतुक होतं. "खणोजीराव, दोन वर्षं त्या फलकामागे राहिले मी. पण हे मला कधी सुचलं नाही."

"बाई, मी खरं बोलतोय."

"तेच म्हणतेय मी. रोज सकाळी एवढं रडाल का?"

खणोजीने डोळे पुसले आणि तोंड मिटलं. त्याने जमावाकडे पाठ केली आणि अंगावरचे सगळे काटे उभे केले. मंडळी चार पावलं मागे सरली. मग त्याने मागच्या पायांनी माती ढकलायला सुरुवात केली. बिळाचं एक तोंड बुजवलं, मग दुसरं. वरून दगड लोटले. महिनाभर खपून केलेलं काम त्याने दुपारपर्यंत मातीत घातलं आणि या सगळ्यात तो एक शब्द बोलला नाही.

दुर्पा काट्यांना न भिता जवळ आली. "माझ्या आईला पुरलंत तुम्ही," ती म्हणाली.

खणोजीने आणखी एक दगड लोटला.

राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून दुर्पा त्याच्याच कोठीत राहिली. पिल्लं त्याचेच कंद खाऊन टुणटुणीत झाली. पण ती त्याच्याशी कधी बोलली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र सांगायची, या साळिंदराला काळीज नाही. जंगलालाही ते पटलं. त्याच्याकडे कोणी बीळ मागायला येईना. बायजाने रोज संध्याकाळी कोठीच्या दाराशी उभं राहून पिल्लं मोजायची, चार भरली की आत जायचं, एवढंच.

पुढच्या हस्तात ओढ्याने तो अख्खा काठच खाल्ला. दगड गेले, माती गेली, पलीकडची घुशीच्या बिळांची आळीही गेली. दुर्पा टेकडीवरून ते बघत होती. चार धट्टीकट्टी पोरं तिला टेकून बसली होती.

"त्या दुष्टाने बीळ बुजवलं नसतं," ती पोरांना म्हणाली, "तर आज आपण तिथे असतो."

तात्पर्य : मुलांनो, एखादी वस्तू खपवायची असेल, तर खोटं कधी बोलू नये. रडत रडत खरं सांगावं. आणि कोणाचा जीव वाचवायचा असेल, तर तोंड मिटून मुकाट्याने माती लोटावी आणि जन्मभर दुष्ट म्हणवून घ्यावं. पण तेवढा वेळ कोणाला असतो? तुम्ही आपले साबण विका.