पाचवी ‘ब’चे बिनविरोध अध्यक्ष

चिलीतील वाल्दिव्हिया शहरातल्या एका शाळेत वर्षारंभीची पालकसभा ही मौनाची स्पर्धा असे. प्रत्येक वर्गाला पालकांतून एक अध्यक्ष निवडावा लागे. बिंगो भरवणे, सोपाइपिया म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या तळून विकणे आणि वर्षभर टोमणे खाणे, ही त्याची कामे. साहजिकच, जो प्रथम तोंड उघडी तोच निवडला जाई.

एलादियो यांना हे ठाऊक नव्हते. सभेला नेहमी पत्नी जाई. आज तिची इस्पितळात कामाची पाळी होती. “रायेनच्या बाईंना भेटल्याशिवाय घरी यायचं नाही,” तिने बजावले होते. “पोरगी स्वतःचा अभ्यास अर्धवट टाकतेय. नापास होईल अशानं!”

पाचवीची जी खोली प्रथम दिसली तीत ते शिरले आणि अदबीने म्हणाले, “शुभ संध्याकाळ.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“सापडले अध्यक्ष!” एक टकले गृहस्थ ओरडले.

“अहो, मी फक्त रायेनच्या बाईंना...”

“रायेन? ती ‘अ’मधली. हा ‘ब’ वर्ग,” एक बाई कुजबुजली.

क्षणभर सभा हादरली. गृहस्थ मात्र डगमगले नाहीत. “मूल याच वर्गात हवं, असं कुठल्या नियमात आहे? साहेब, तुम्ही नाही म्हणताय का?”

‘नाही’ हा शब्द एलादियो यांनी जन्मात उच्चारला नव्हता. “तसं नव्हे...” ते म्हणाले, आणि तेवढ्यावर ठराव एकमताने संमत झाला.

ते शेजारच्या खोलीत पोहोचले तेव्हा तेथे वर्गशिक्षिका निएव्हेस बाई आणि बाबांची वाट पाहणारी रायेन दोघीच उरल्या होत्या.

“हुशार आहे हो पोर,” बाई म्हणाल्या, “पण अर्ध्या वर्गाची चित्रं हीच काढते. मागेल त्याला ‘हो’! स्वतःचं राहून जातं. नकार द्यायला घरी शिकवाल ना?”

“हो, हो!”

“पालकांची अशी साथ हवी! मग आणखी एक विनंती. आमची सभा आज तासभर गप्प बसून उठली. अध्यक्षपद तुम्ही...”

एलादियो यांच्या ओठांनी ‘हो’चा आकार घेतला.

“नाही!” रायेन म्हणाली. “भिंतीपलीकडच्या टाळ्या आणि बाबांचा आवाज ऐकलाय मी. एक वर्ग पुरे झाला बाबांना.”

बाई थक्क झाल्या; मग प्रसन्न हसल्या. “शाब्बास! तुला नकार जमला. पुढच्या भेटीला तू यायचंस, रायेन. बाबांची प्रगती सांगायला.”

“चालेल ना, बाबा?”

“हो,” एलादियो म्हणाले.